दारूबंदी : कायदा कोणाचा आणि पाळणार कोण?

(जबलपुरातील गोहलपूर येथे बिडी कामगार भगिनी व शहरातील मराठी भाषिक पक्षसभासद यांच्या संयुक्त अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. व्याख्यान मराठीत झाले. शेवटी त्याचा सारांश हिंदीत सांगण्यात आला.)



आजच्या वर्गाचा विषय ठरला तो एका प्रश्नामुळे. मागच्या महिन्यात याच खोलीत बिडी वळणाऱ्या भगिनींची बैठक झाली. हजार बिड्यांमागची मजुरी, पत्ता कमी देऊन माल पुरा मागण्याची ठेकेदाराची रीत, भविष्यनिर्वाह निधीची कार्डे हे विषय संपल्यावर मागच्या रांगेतील एका वयस्क भगिनीने विचारले, "दारू बंद करण्याचा कायदा तुमचा पक्ष का मागत नाही?" तिच्या शेजारणीने आमच्याआधीच उत्तर दिले, "कायदे काय कमी आहेत, आपा? पाळतो कोण?"

सभेत हशा पिकला आणि बैठक संपली. पण प्रश्न संपला नाही. आपल्या जिल्हा अधिवेशनापुढे याच विषयावर दोन मसुदे आले आहेत. मी अनुवादाचे काम करते, त्यामुळे दोन्ही मसुदे मराठीत करण्यासाठी माझ्याकडे आले. एका मसुद्यात राज्यभर संपूर्ण दारूबंदीची मागणी आहे. दुसऱ्यात असे म्हटले आहे की दारूबंदी हा सत्ताधारी वर्गाचा नैतिक देखावा आहे, कामगार चळवळीने त्यात वेळ घालवू नये. दोन्हींचा शब्दन् शब्द मी मराठीत आणला आणि त्या कामात माझी अशी खात्री झाली की दोन्ही मसुद्यांत एकच उणीव आहे. कायदा कशाच्या बळावर पाळला जातो, हा प्रश्न दोघांनीही विचारलेला नाही. पहिल्याला वाटते, कायदा झाला की दारू थांबेल. दुसऱ्याला वाटते, कायदा मोडला जातो म्हणजे प्रश्नच खोटा आहे. त्या आपाने आणि तिच्या शेजारणीने मिळून जो प्रश्न उभा केला, तो या दोन मसुद्यांच्या मधोमध आहे. आज त्याचाच विचार करू.

मुंबईचा धडा

आपल्यापैकी अनेकांची मुळे महाराष्ट्रात आहेत, म्हणून आधी तिकडचा अनुभव सांगते.

मुंबई शहरात दारूबंदीचा पहिला प्रयोग झाला तो १ ऑगस्ट १९३९ रोजी, बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात. अबकारी खाते डॉ. गिल्डर यांच्याकडे होते. त्याच वर्षी काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि तो प्रयोग अर्ध्यावर राहिला. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला आणि १९५० पासून बंदी सर्वत्र लागू झाली. मोरारजी देसाई यांनी आधी गृहमंत्री आणि नंतर मुख्यमंत्री म्हणून ती कमालीच्या कठोरपणे राबविली. कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले. १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने बालसरा खटल्यात काही कलमे रद्द केली, पण कायद्याचा गाभा कायम ठेवला. म्हणजे संविधानाचा मार्गदर्शक सिद्धान्त बाजूने होता, न्यायालय बाजूने होते, पोलिसांचे मोठे बळ होते आणि राज्यकर्त्यांचा निर्धारही होता.

मग झाले काय? माहीम-धारावीच्या खाडीकाठापासून गिरणगावातील चाळींपर्यंत हातभट्टीचा एक समांतर उद्योग उभा राहिला. काळा गूळ आणि नवसागर यांचा व्यापार वाढला. सायकलच्या आणि मोटारीच्या ट्यूबांतून माल फिरू लागला. घरगुती अड्डे गल्लोगल्ली निघाले. या धंद्याच्या पैशावर पुढे मुंबईतल्या टोळ्या पोसल्या गेल्या, हे सर्वज्ञात आहे. अखेर साठीच्या दशकात वसंतराव नाईक यांच्या सरकारने बंदी टप्प्याटप्प्याने सैल केली.

गिरणी कामगाराने हा कायदा का जुमानला नाही? त्याला दारू इतकी प्रिय होती म्हणून? तसे म्हणणे सोपे आहे, पण ते खरे कारण नव्हे. दारूमुळे घर बुडते हे त्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक होते. परंतु त्याने डोळ्यांनी पाहिले ते वेगळेच. आरोग्यासाठी दारू आवश्यक असल्याचा दाखला ज्याला मिळवता येई, त्याच्या हातात परवाना होता. सैन्याची कॅन्टीने आणि परदेशी नागरिक यांना कायद्यातच सवलत होती आणि न्यायालयाने ती उचलून धरली होती. चाळीतल्या माणसाला परवाना नव्हता, त्याच्या वाट्याला हवालदार होता आणि हवालदाराचा हप्ता ठरलेला होता. एकच कृती साहेबाच्या बंगल्यात आरोग्यरक्षण ठरते आणि चाळीत गुन्हा ठरते, हे ज्याला रोज दिसते त्याच्या मनात त्या कायद्याविषयी आदर कोठून यावा? त्याने कायदा मोडला तेव्हा त्याला लाज वाटली नाही. शेजाऱ्याने पाहिले तेव्हा शेजाऱ्यानेही तक्रार केली नाही. कायदा खऱ्या अर्थाने निकामी होतो तो याच ठिकाणी, शेजाऱ्याच्या मौनात.

तो कायदा आजही जिवंत आहे. २०१२ साली त्याच्या नावातील 'मुंबई' जाऊन 'महाराष्ट्र' आले. दारू विकत घेण्यासाठी, बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी परवाना लागतो, हे तत्त्वही कायम आहे. बारला महाराष्ट्रात 'परमिट रूम' म्हणतात ते त्यामुळेच. तेथे बसलेल्या किती जणांच्या खिशात परमिट असते, हे सांगण्याची गरज नाही. न पिणारेही या नियमभंगाला नियमभंग मानत नाहीत. कायद्याचे पुस्तक एक सांगते, समाजाचे मन दुसरे सांगते, आणि सरकार दोहोंच्या मध्ये बसून महसूल गोळा करते.

एकाच खात्याची दोन नावे

अनुवाद करताना शब्द अडखळायला लावतात आणि कधी कधी त्यातून इतिहास दिसतो. मध्य प्रदेशात या खात्याला 'आबकारी' म्हणतात. महाराष्ट्रात तेच 'राज्य उत्पादन शुल्क'. दोन्ही शब्दांचा संबंध कराशी आहे, लोकांच्या आरोग्याशी नाही. आपल्या राज्यात ज्या कायद्याखाली आजही खटले होतात तो आबकारी कायदा १९१५ सालचा, म्हणजे इंग्रजांचा. त्याचा मूळ हेतू दारू थांबवणे हा नव्हता. सरकारला कर न देता कोणी दारू गाळू नये, हा होता.

मुंबई इलाख्यात १८७८ च्या अबकारी कायद्याने गावोगावचे गाळप मोडून काढले आणि मक्तेदारांच्या भट्ट्यांना वाट करून दिली. १८९२ साली तर ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांवरच निर्बंध घालणारा कायदा झाला. जंगलात झाडाखाली पडलेले फूल, जे आदिवासी दुष्काळात भाजून खातो, ते घरात ठेवणे गुन्हा ठरले! अशा कायद्यापासून मडके लपवणाऱ्या माणसाला आपण पाप करतो असे वाटले नाही. सरकारच्या लुटीपासून आपण आपले काही राखतो आहोत, असेच त्याला वाटले. ही भावना तीन पिढ्या रुजली. पुढे स्वराज्य आले आणि त्याच फौजदाराने, त्याच गणवेशात, त्याच झोपडीत शिरून मडके फोडले. आता तो महसुलासाठी नव्हे तर नीतीसाठी आला आहे, यावर विश्वास कोणी ठेवावा?

याचा अर्थ जुन्या काळी दारूविरोधी लोकमत नव्हते असा नाही. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी १८८० साली शहरातील दारूच्या वाढत्या दुकानांविरुद्ध लेखी आवाज उठविला. १९०८ साली पुण्यात टिळकांच्या पुढाकाराने गुत्त्यांपुढे स्वयंसेवक उभे राहिले. तेव्हा दारूला विरोध करणे म्हणजे सरकारच्या तिजोरीला विरोध करणे होते. लोक त्या बाजूला सहज आले, कारण ती बाजू त्यांची होती.

कायदा नव्हता, तरी दारू सुटली

आता उलट बाजूची तीन उदाहरणे सांगते. यांतील एकाही ठिकाणी दारू सुटली ती कायद्याच्या धाकाने नव्हे.

पहिले उदाहरण १९२२ चे. पालघरच्या किनाऱ्याकडून देवीचा संचार होत असल्याची वार्ता निघाली आणि सुरत, डांग, खानदेश या भागांतील आदिवासी गावांत पसरली. देवीची आज्ञा अशी की दारू-ताडी सोडा, रोज आंघोळ करा, दारूवाल्या पारशी जमीनदारांकडे कामाला जाऊ नका. हजारो माणसांनी एकत्र जमून ती आज्ञा पाळली. आपण देवीवर विश्वास ठेवणारे नाही. परंतु त्या आज्ञेचा आशय पाहिला पाहिजे. ज्याच्या कर्जात आणि ज्याच्या गुत्त्यात आपले आयुष्य अडकले होते, त्याच्यापासून सुटण्याची ती आज्ञा होती. अबकारी खात्याला जे कधी करायचेच नव्हते, ते लोकांनी स्वतः केले. मात्र हेही नमूद केले पाहिजे की काही वर्षांत पुष्कळ गावांत दारू परत आली. आज्ञा होती, उत्साह होता, पण ती टिकविणारी संघटना सर्वत्र नव्हती.

दुसरे उदाहरण शहादा-तळोद्याचे. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील या भागात १९७२ च्या सुमारास, दुष्काळाच्या दिवसांत, श्रमिक संघटनेच्या झेंड्याखाली भिल्ल शेतमजूर उभे राहिले. जमीन आणि मजुरी यांचा तो लढा होता. त्या लढ्यातील स्त्रियांनी ठरविले की मजुरी वाढवून आणायची आणि ती गुत्त्यात जाऊ द्यायची, हे चालणार नाही. त्या गावोगाव गेल्या, गुत्त्यांवरची मडकी फोडली आणि बायकोला मारहाण करणाऱ्या नवऱ्यांना गावापुढे जाब विचारला. मडके पोलीसही फोडत आणि या स्त्रियांनीही फोडले. पोलिसाने फोडलेल्या मडक्याच्या जागी दुसऱ्या दिवशी नवे येई. स्त्रियांनी फोडले तेव्हा ते पुन्हा मांडताना मांडणाऱ्याला विचार करावा लागे, कारण त्या रोज शेजारीच राहत होत्या.

तिसरे उदाहरण आपल्याला सर्वांत जवळचे, कारण ते जुन्या मध्य प्रदेशातले आहे. भिलाईच्या पोलाद कारखान्याला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथील खाणीत १९७७ साली ठेकेदारी कामगारांनी छत्तीसगढ माइन्स श्रमिक संघ स्थापन केला. शंकर गुहा नियोगी त्यांचे नेते. मान्यताप्राप्त संघटनांवर नाराज होऊन हे कामगार बाहेर पडले होते आणि त्या संघटनांत आपलीही संघटना होती, ही कटू गोष्ट आपण विसरू नये. त्याच वर्षी जूनमध्ये झालेल्या गोळीबारात अकरा माणसे मारली गेली. लढा पुढे गेला आणि मजुरी वाढली. त्याबरोबर ठेक्यावरची गर्दीही वाढली! संघटनेने हा प्रश्न खासगी मानला नाही. रक्त सांडून मिळविलेला पैसा दारूच्या ठेकेदाराच्या गल्ल्यात जातो, म्हणजे लढा अर्धाच जिंकला, असे तिने सांगितले. वस्त्यांच्या बैठकांत पिणाऱ्याला जाब द्यावा लागे. स्त्रिया लक्ष ठेवत. सरकारचा ठेका उघडा होता, पिणे कायदेशीर होते, तरी हजारो कामगारांनी दारू सोडली. त्यामुळे संतापला तो दारूचा ठेकेदार. नियोगींची १९९१ साली भिलाईत हत्या झाली ती उद्योगांच्या कामगारांना संघटित करताना. परंतु दल्ली-राजहऱ्याचा हा धडा त्यांच्याबरोबर संपला नाही.

आपल्या घरातला अनुभव

दुसऱ्यांचे दोष दाखवून आपण थांबलो तर तो प्रामाणिकपणा होणार नाही. समाजवादी देशाचाही या बाबतीत एक अनुभव आहे.

रशियात झारने १९१४ साली युद्धाच्या वेळी व्होडकाबंदी केली. क्रांतीनंतर बोल्शेविकांनी ती १९२५ पर्यंत चालविली. खेड्यांतून घरगुती गाळप चालूच राहिले आणि अखेर राज्याने व्होडकाची मक्तेदारी स्वतःकडे घेतली. त्या महसुलाची पुढे राज्याला सवय लागली. मे १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी मद्यविरोधी मोहीम सुरू केली. उत्पादन घटविले, दुकानांच्या वेळा कमी केल्या, किमती वाढविल्या, काही प्रदेशांत द्राक्षमळे उपटले. परिणाम झाला नाही असे म्हणता येणार नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत मृत्यूचे प्रमाण खरोखर घटले आणि पुरुषांचे सरासरी आयुर्मान वाढले. कायद्याने जीव वाचू शकतात, हे आपल्या दुसऱ्या मसुद्याच्या लेखकाने लक्षात घ्यावे. परंतु निर्णय वरून आला होता. त्यावर कारखान्यांतून मोकळी चर्चा झाली नव्हती. लोकांनी सरचिटणीसांना 'खनिज पाण्याचे सचिव' असे टोपणनाव दिले. दुकानांतून साखर नाहीशी झाली, कारण ती घरच्या भट्टीत जात होती. १९८८ पर्यंत मोहीम गुंडाळावी लागली. राज्य कामगारांच्या नावाने चालत होते, तरी हा कायदा आपला आहे असे कामगाराला वाटले नाही. आपल्या नावाने झालेला निर्णय आणि आपण केलेला निर्णय यांतला फरक माणसाला बरोबर कळतो.

आंदोलन जिंकले, मग काय?

येथे कोणी म्हणेल, आधी आंदोलन करा, मग त्याच्या जोरावर कायदा आणा, म्हणजे प्रश्न सुटला. दुर्दैवाने तेवढ्यानेही सुटत नाही.

आंध्रात नेल्लूर जिल्ह्यातील दुबगुंटा गावातून १९९२ साली स्त्रियांचे अरकविरोधी आंदोलन पेटले. साक्षरता वर्गांत बायका लिहायला शिकल्या आणि आपल्या घरातला हिशेब मांडू लागल्या, तेथून त्याची सुरुवात झाली. १९९३ च्या ऑक्टोबरात अरकवर बंदी आली. १९९५ च्या जानेवारीत संपूर्ण दारूबंदी झाली. १९९७ साली ती उठविण्यात आली. कारण सांगितले गेले ते तिजोरीचे आणि चोरट्या दारूचे.

चंद्रपूर जिल्ह्यात पारोमिता गोस्वामी यांच्या श्रमिक एल्गारने २०१० साली चिमूरहून नागपूरपर्यंत स्त्रियांचा पायी मोर्चा नेला. शेकडो ग्रामपंचायतींनी ठराव केले. १ एप्रिल २०१५ रोजी बंदी लागू झाली आणि मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठविली. शेजारच्या गडचिरोलीत मात्र १९९३ ची बंदी टिकून आहे. तिथेही चोरटी दारू येते. परंतु तेथे २०१६ पासून 'मुक्तिपथ' या उपक्रमातून गावोगावी समित्या, व्यसनींसाठी उपचार आणि अवैध विक्रीवर गावाची पाळत असे काम जोडले गेले. कायद्याच्या मागे कोणीतरी रोज उभे आहे.

बिहारमध्येही २०१६ च्या बंदीमागे बचतगटातील स्त्रियांची मागणी होती. पण अंमलबजावणी सर्वस्वी पोलिसांच्या हाती गेली. तुरुंग भरले ते मुख्यतः गरीब, दलित आणि मागास जातींच्या माणसांनी. विषारी दारूने २०२२ च्या डिसेंबरात सारण जिल्ह्यात कित्येक कष्टकऱ्यांचे प्राण घेतले. पहिल्यांदा पकडल्या गेलेल्यास दंड भरून सोडण्याची दुरुस्ती त्याच वर्षी सरकारला करावी लागली.

या तिन्ही ठिकाणी घडले ते असे. आंदोलनाच्या काळात गुत्ता बंद ठेवणाऱ्या स्त्रिया कायदा होताच घरी पाठविल्या गेल्या. "आता सरकार पाहून घेईल," असे त्यांना सांगण्यात आले. काम फौजदाराकडे गेले आणि फौजदाराबरोबर हप्ता परत आला. हप्ता दिसला की लोकांचे मत पालटते. कालपर्यंत 'आपला' असलेला कायदा पुन्हा 'त्यांचा' होतो.

आपल्या राज्यात

मध्य प्रदेशात गेल्या काही वर्षांत पुष्कळ घोषणा झाल्या. २०१७ साली नर्मदेच्या काठापासून पाच किलोमीटरांच्या आतली दुकाने बंद करण्याचा निर्णय झाला. १ एप्रिल २०२३ पासून दुकानालगतचे अहाते बंद झाले. १ एप्रिल २०२५ पासून सतरा धार्मिक नगरांत विक्रीबंदी आली, त्यांत आपल्या शेजारचे मंडला आहे. २०२१ च्या जानेवारीत मुरैना जिल्ह्यात विषारी दारूने वीसहून अधिक माणसे मेल्यावर कायद्यात फाशीपर्यंतची शिक्षा घालण्यात आली.

या प्रत्येक निर्णयामागे कोणती दृष्टी आहे ते पाहा. दारू पवित्र स्थळी वाईट आणि कामगार वस्तीत चालण्यासारखी! घाटावर ती अधर्म होते आणि गोहलपूरच्या रस्त्यावर महसूल होते. नदीला जे संरक्षण मिळते ते बिडी वळणाऱ्या बाईच्या मजुरीला मिळत नाही. असा कायदा लोक मनापासून पाळतील, अशी अपेक्षा कशी करावी? शिक्षा वाढवून आदर वाढत नाही. फाशीची शिक्षा पुस्तकात आहे, पण मालात मिथेनॉल मिसळणाऱ्याला गल्लीतला माणूस ओळखतो आणि तरीही पोलिसांत जाऊन त्याचे नाव सांगत नाही, कारण आपले नाव तेथून बाहेर फुटेल याची त्याला खात्री असते. मुंबईच्या मालवणीत २०१५ साली शंभराहून अधिक माणसे अशाच दारूने मेली, तीही बंदी सैल झालेल्या शहरात. म्हणजे स्वस्त विष बंदी असताना विकले जाते आणि नसतानाही विकले जाते. ते विकत घेणारा मात्र दोन्हीकडे एकच असतो.

एक गोष्ट माझ्या घरातली सांगते. माझे वडील या शहरातल्या एका कारखान्यात होते आणि पगाराच्या दिवशी पीत. शेजारी म्हणत, "कष्टाचा माणूस आहे, घेणारच." या एका वाक्याने आईचे तोंड बंद होई. पुढे त्यांच्या खात्यात युनियनचे काम करणारे एक साथी आले. त्यांनी उपदेश केला नाही. दर पगाराला ते वडिलांबरोबर चालत आमच्या घरापर्यंत येत, चहा घेत आणि जात. सात वर्षे आमच्या घरात दारू आली नाही. ते साथी निवृत्त होऊन गावी गेले आणि वर्षभरात पगाराचा दिवस पुन्हा पूर्वीसारखा झाला. मी कितीदा विचार केला आहे, ती सात वर्षे कोणत्या कायद्याची होती? आणि एकाच माणसावर ते काम का सोडले गेले? युनियनमध्ये शेकडो माणसे होती.

आपण काय करावे

म्हणून ठरावाबाबत माझे म्हणणे असे.

पहिले, राज्यभर संपूर्ण बंदीची सरसकट मागणी आज करू नये. त्या मागणीत मोहाची दारू देवकार्याला करणारी गोंड स्त्री आणि दारूचा ठेकेदार एकाच कलमात येतात, आणि तुरुंगात जाईल ती स्त्री. परंतु प्रश्न खोटा आहे असे म्हणून हात झटकणे त्याहून वाईट. ज्या घरातली मजुरी ठेक्यावर जाते त्या घराला आपण 'नैतिक देखावा' हे उत्तर देऊ शकत नाही.

दुसरे, मागणी अशी करावी की दुकान असावे की नसावे हे त्या वस्तीने ठरवावे आणि त्यात स्त्रियांचे मत निर्णायक असावे. महाराष्ट्रात तशी तरतूद आहे. पंचवीस टक्के स्त्री मतदारांनी मागणी केली की गुप्त मतदान घेतले जाते. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली अशी चिन्हे असतात. ठरलेल्या प्रमाणात मते आडव्या बाटलीला पडली तर दुकान बंद. आपल्या राज्यात २०२२ च्या पेसा नियमांनी अनुसूचित क्षेत्रातील ग्रामसभांना दारूच्या दुकानांबाबत अधिकार दिले आहेत. मग गोहलपूरच्या भगिनींना तो का नसावा? जो निर्णय बाईने आपल्या हाताने शिक्का मारून केला, त्याची राखणही ती करील.

तिसरे, दुकान बंद झाले म्हणजे काम संपले असे मानू नये. पगाराच्या आणि मजुरीवाटपाच्या दिवशी शाखेचे सभासद वस्तीत हजर असावेत. हे काम एका साथीचे नसून शाखेचे असावे. अवैध विक्रीची तक्रार एकट्या बाईच्या नावाने न जाता संघटनेच्या नावाने जावी. व्यसन हा आजार आहे, त्याचा उपचार सरकारी रुग्णालयात विनामूल्य व्हावा, हीही मागणी त्याच ठरावात असावी. पिणाऱ्याला आपण वस्तीबाहेर काढणार नाही, त्याला चळवळीत परत आणणार आहोत.

चौथे, आणि हे सर्वांत अवघड, आपल्यापासून सुरुवात करावी. संध्याकाळी मोर्चात घोषणा देणारा आणि रात्री ठेक्यावर दिसणारा सभासद कोणत्याही शाखेत नाही, असे येथे कोणी छातीठोकपणे सांगू शकेल काय? निवडणुकीच्या रात्री इतर पक्ष बाटल्या वाटतात तेव्हा आपण तक्रार करतो आणि आपल्याच मतदाराने ती घेतली तर मान दुसरीकडे वळवतो. लोक आपले ठराव वाचत नाहीत, आपल्याला पाहतात. कायद्याचा मान ज्या कारणाने गेला, म्हणजे सांगणारा वेगळा आणि वागणारा वेगळा, त्याच कारणाने आपल्या ठरावाचाही जाईल.

कॉम्रेड्स, त्या दिवशी "पाळतो कोण?" असे विचारले गेले तेव्हा आपण हसलो. तो प्रश्न मला आता वेगळा ऐकू येतो. ज्याने केला तो पाळतो. कायदा करण्यात ज्याचा हात नाही, अंमलबजावणीत ज्याला सहभाग नाही आणि शिक्षेत मात्र ज्याचा वाटा पहिला, त्याने तो पाळावा ही अपेक्षा सत्ताधारी वर्ग करू शकतो, आपण नाही. हे वस्तीच्या निर्णयातून उभे करायचे असेल तर सुरुवात अधिवेशनापर्यंत थांबवण्याचे कारण नाही. येत्या मजुरीवाटपाच्या दिवशी या गल्लीत कोण कोण हजर राहणार, याची यादी आजच, ही सभा उठण्यापूर्वी करू. त्या यादीत पहिले नाव माझे लिहा.